तिसऱ्या प्लगची वायर

मलावीच्या उत्तरेला, रुम्फीच्या बाजारामागे, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आंब्याखाली एक गॅरेज आहे. त्याला पाटी नाही, आणि पाटीची गरजही नाही. कुणालाही विचारा, "न्यागोंडवे कुठं बसते?" तो हनुवटीनं दिशा दाखवेल आणि वर एक शेरा मारेल. "जा, पण गाडीबद्दल खोटं बोलू नकोस, पान्यानं मारते," असा काहीतरी.

पान्यानं तिनं आजवर कुणालाही मारलेलं नाही. जिभेनं मात्र पुष्कळांना मारलंय, आणि त्यातल्या एकानंही ते विनाकारण होतं असं म्हणू नये.

नाव तिवोंगे. पण आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला नावानं कोण हाक मारतो? गोंडव्यांची लेक म्हणून न्यागोंडवे. लग्न होऊन ती कुम्वेंडांच्या घरी आली ती एकोणिसाव्या वर्षी. नवरा चावेझी कुम्वेंडा हाडाचा मेकॅनिक. ती दुपारी डब्यातून मक्याच्या पिठाचा एन्सिमा आणि मोहरीची भाजी घेऊन यायची, तो जेवेपर्यंत बसायची, आणि बसल्या बसल्या ऐकायची. कुठल्या खडखडीला तो मान हलवतो, कुठल्या खडखडीला हसतो, हे आधी कळलं. इंजिन त्यानंतर कळलं. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की गाडी चढावर असतानाच ती म्हणायची, "व्हॉल्व्ह ढिला आहे," आणि चावेझी लोकांना सांगायचा, "ऐका, माझी बायको जेवण आणते आणि निदानही आणते."

मग तो जोनीला गेला. जोनी म्हणजे जोहान्सबर्ग. पण इतकं लांब नाव घ्यायला इथं कुणाला सवड आहे? आमच्या जिल्ह्यातली निम्मी पुरुषमाणसं तिथं खपली. "दोन वर्षं," म्हणाला. पहिल्या वर्षी घोंगड्या आल्या, आणि पत्र. दुसऱ्या वर्षी दोनदा फोन. तिसऱ्या वर्षी काही नाही. चौथ्या वर्षी लोकांनी त्याच्यासाठी तो शब्द वापरायला सुरुवात केली: म्चोना. गेला आणि तिकडेच विरघळला तो म्चोना. हा शब्द मोठ्यानं म्हणत नाहीत. शेजारच्या घरात कुणी वेडं असलं की जसा आवाज खाली येतो, तसा येतो.

तो गेला त्याच वर्षी तिवोंगेनं गॅरेजचं कुलूप काढलं, तेव्हा बाजारातले पुरुष बघायला जमले होते. एकजण म्हणाला, "बाई पाना धरायला लागली, मग आता आम्ही काय पोरं जन्माला घालायची?"

"घाला की," ती म्हणाली. "बघू तरी कळा किती सोसता."

त्या दिवशी जो हशा झाला त्यानं तिचं गॅरेज उभं राहिलं. लोकांना आधी जीभ पटली, हात नंतर. त्याला चौदा वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन करोंग्याला गेली. तिवोंगे आता त्रेचाळीसची आहे आणि तिच्या नखांतलं काळं तेल रविवारी चर्चला जातानाही निघत नाही.

त्या बुधवारची गोष्ट. चारच दिवसांनी, रविवारी, कुम्वेंडांच्या अंगणात चावेझीचा शोक व्हायचा होता.

हो, जिवंत की मेलेला हे ठाऊक नसलेल्या माणसाचा शोक. थोरला दीर मतियासी पाच वर्षं हे म्हणत होता आणि तिवोंगे पाच वर्षं नाही म्हणत होती. "प्रेत आणा, मग रडते," एवढंच तिचं उत्तर. पण या वर्षी सासूनं स्वतः बोलावलं. म्हातारी ऐंशीच्या पुढं, दारातल्या चटईवरून उठत नाही. ती म्हणाली, "पोरी, माझ्यानंतर त्याच्यासाठी कोण रडणार आहे? तू रडायची नाहीस, तू हट्टी आहेस. मला मरायच्या आत एकदा रडू दे." यावर काय बोलणार? तिवोंगे म्हणाली, "करा." बैल ठरला, चर्चच्या वडीलधाऱ्यांना निरोप गेला, बायका गवत कापून आणणार होत्या बसायला. रविवार उजाडला की ती विधवा. आणि तिला एकच भीती होती. डोळ्यांतून पाणी आलं नाही तर लोक काय म्हणतील याची नव्हे. आलं तर काय, याची. तो मेला असं धरून एकदा रडलं की मग वाट कशी बघणार?

तर त्या बुधवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, चार हमाल एक पांढरी पिकअप ढकलत आंब्याखाली घेऊन आले. हौद्यात गाद्या, दोन फ्रिज, घोंगड्यांची गाठोडी, वर दोर. जोनीहून लोकांनी घरी पाठवलेला माल. ड्रायव्हर घामाघूम. डोक्यावर विणलेली टोपी, बोली दक्षिणेकडची, मंगोचीची.

"माई, मेकॅनिक कुठाय?"

"तुझ्यासमोर."

त्यानं तिच्या मागं बघितलं, मग बाजूला मांडाझीचे गोड वडे तळत बसलेल्या न्याचिर्वाकडं बघितलं. न्याचिर्वा कढईतून मान वर न करता म्हणाली, "माझ्याकडं काय बघतोस? मी फक्त पीठ फुगवते."

"नाव काय तुझं?" तिवोंगेनं विचारलं.

"सैदी."

"सैदी, गाडी काय करते ते सांग. काय बदललं ते नको, काय करते ते."

पण ड्रायव्हर जात ती. त्यानं काय बदललं तेच आधी सांगितलं. लिलोंग्वेत चारही प्लग नवे. कासुंगूत कार्बोरेटर साफ. म्झुझूत कॉइल. प्रत्येक ठिकाणी मेकॅनिकनं छातीवर हात मारून सांगितलं, आता थेट घरी पोचशील. "अर्धा तास नीट पळते, माई. मग मिसिंग सुरू. झटके मारते, हुंदके देते, आणि चढ आला की बंद. पंधरा मिनिटं थांबलो की परत चालू होते, जणू काही झालंच नाही. मला तर वाटायला लागलंय कुणी करणी केलीय."

"करणी करणाऱ्याला तुझ्या गाडीपेक्षा बरी गाडी मिळाली असती. सेल्फ मार."

इंजिन लागलं. तिवोंगेनं डोळे मिटले. उभी गाडीही लंगडत होती: तीन पावलं नीट, चौथं खाली. म्हणजे दुखणी दोन होती. एक उभ्या गाडीतलं, एक चालत्या. आणि तीन गावच्या तीन शहाण्यांनी दोन्ही एकाच पोत्यात घातली होती. नवा भाग विकायची घाई असली की कान बंद होतात, हे मेकॅनिकचंच नव्हे, डॉक्टर आणि पुढाऱ्यांचंही खरं आहे.

तिनं कोरडं फडकं हातात घेतलं आणि एकेका प्लगची वायर उपटून परत बसवायला लागली. पहिली काढली, इंजिन कण्हलं. दुसरी काढली, कण्हलं. तिसरी काढली आणि काहीच झालं नाही. जो आधीच मेलाय त्याचं नाक दाबून काय होणार? चौथी काढली, इंजिन मरायला टेकलं.

"तिसरा," ती म्हणाली. प्लग आपसांत बदलून बघितले. दोष तिसऱ्यातच राहिला. म्हणजे प्लग नाही, वायर. तिनं बोनेटवर घोंगडी टाकून आत अंधार केला आणि डोकं खाली घातलं. वायर मधेच जिथं लोखंडाला टेकत होती तिथं निळी ठिणगी चटचट उडत होती. त्या जागी कुणीतरी टायरच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती आणि ते रबर उष्णतेनं सुकून तडकलं होतं.

"बंद कर."

इंजिन थांबलं. तिनं घोंगडी काढली, पट्टीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. आणि तिला वाटलं, ही गाडी आपल्याकडं आधी कधी आली होती?

कारण ते बांधकाम तिचं होतं. पट्टी करंगळीहून बारीक कापलेली. तीन वेढे वर, तीन वेढे त्यांच्यावरून उलटे खाली, आणि शेवटचं टोक आतून सरकवून दाबलेलं. गाठ नाही. सगळं जग गाठ मारतं आणि वर काडी लावून चिकटवतं. गाठ न मारता बांधणारी माणसं दोनच. एक ती. दुसऱ्यानं तिला शिकवलं होतं: "गाठ दिसली तर काम कच्चं."

तिनं परत बघितलं. तिचे वेढे उजवीकडं जातात. हे डावीकडं जात होते.

चावेझी डावरा होता.

"हे कुणी बांधलं?" तिनं विचारलं. आवाज नेहमीसारखा राहिला याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"काय? ती चिंधी?" सैदी मांडाझी चघळत होता. "कुणास ठाऊक, माई. जुनी गाडी, आठ महिन्यांपूर्वी घेतली. हिला काय एकाच माणसाचा हात लागलाय?"

म्हणजे तो वेढा आठ महिन्यांपूर्वीचा असेल, आठ वर्षांपूर्वीचाही असेल. मेलेल्या माणसानं बांधलेली वायरही करंट नेते. तिवोंगेनं स्वतःला हे बजावलं. पण हात ऐकेना. तिथं ब्लेड लावून सरळ कापायची गोष्ट. तिनं नखांनी टोक उचकटलं आणि एकेक वेढा उलटा सोडवत बसली, सहाच्या सहा. सैदीनं दोनदा सूर्याकडं बघितलं. न्याचिर्वाचा झारा मात्र कढईवर थांबला होता. ती शेजारी बसते बारा वर्षं. तिवोंगेला एवढं सावकाश काम करताना तिनं कधी बघितलेलं नव्हतं.

"न्यागोंडवे," ती हळूच म्हणाली, "बरी आहेस ना?"

"तुझं तेल जळतंय."

भंगारातल्या इंजिनाची एक चांगली वायर पेटीत होती, ती बसवली. चौथं पाऊल नीट पडायला लागलं. सैदीनं टाळ्या वाजवल्या. "झालं! निघतो मी, माल पोचवायचाय!"

"निघ. अर्ध्या तासानं बंद पडेल, मग ये परत ढकलत." तिनं पाने पिशवीत भरले. "सरक तिकडं. मी येते. तिला मरू दे माझ्यासमोर."

खरं सांगायचं तर तिलाही ती गाडी जायला नको होती. दोष सापडला की गाडी जाणार, आणि गाडीबरोबर तो डावा हात. हे असं वाटणं धंद्याला धरून नाही. पण ती काही पाना नव्हे.

बोलेरो गावाच्या रस्त्यानं ते निघाले. धूळ, तंबाखूची रिकामी शेतं, डावीकडं न्यिकाचे डोंगर. सैदी बोलत होता, ती ऐकत होती; सैदीचं नव्हे, इंजिनाचं. पस्तीस मिनिटांनी एका चढावर पहिला झटका आला. मग दुसरा. "तीच ती! तीच ती!" सैदी ओरडला. पिकअपनं तीन हुंदके दिले आणि गप्प झाली.

ती उतरली. "तू आत बस. मी सांगेन तेव्हा सेल्फ मार."

वायर काढून लोखंडाजवळ धरली: ठिणगी जाड, निळी. म्हणजे करंट आहे. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडली: सेल्फ मारला तर दोन थेंब आले, तेही उपकार केल्यासारखे. म्हणजे पेट्रोल येत नाही. नळीत कचरा असता तर पंधरा मिनिटांनी आपोआप बरा कसा होईल? ती वळली आणि टाकीकडं गेली. झाकणाला हात घातला. झाकण घट्ट, कुणी आतून धरून ठेवल्यासारखं. जोर लावून फिरवलं, आणि टाकीनं लांब श्वास घेतला: सूऽऽऽऽ. पाण्याखाली बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा.

"सेल्फ मार."

गाडी एका फटक्यात लागली.

"सुभानल्ला!" सैदी म्हणाला. "झाकण?"

टाकीच्या झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल जेवढं जातं तेवढी हवा आत यायला. ते बुजलं की पंप ओढतो, ओढतो आणि दमतो. वाटेत पेट्रोल भरायला झाकण उघडलं की रोग पळून जातो, म्हणून तीन गावांत कुणाला सापडला नाही. सगळ्यांनी बोनेटच उघडलं. तिवोंगेनं झाकण उलटं केलं. भोकात काहीतरी पिवळट, कडक बसलं होतं. नखानं खरवडून नाकाला लावलं.

साबण. कपड्यांचा.

आता हे जगात दुसरीकडं कुणी करत असेल असं वाटत नाही. टंचाईच्या वर्षांत आमच्या पंपावर गाड्या तीन-तीन दिवस उन्हात रांगेत उभ्या राहायच्या. मागच्या दारानं ज्यांना मिळायचं त्यांना मिळायचं; आम्ही रांगेत. टाकीत तळाला जे दोन लिटर असायचे तेही उन्हानं उडून जाऊ नयेत म्हणून लोक त्या भोकावर साबण घासायचे. आणि साबणाचा कागद स्टिअरिंगला बांधायचे, म्हणजे निघायच्या आधी भोक मोकळं करायचं लक्षात राहतं. लहान पोरालाही ठाऊक होतं: साबण आणि कागद.

तिनं ड्रायव्हरच्या बाजूनं आत डोकावलं. स्टिअरिंगला काही नव्हतं.

"सैदी. हा साबण कुणी लावला?"

"साबण? हां... तो तर मुसिनाचा म्हातारा! जोनीकडून येताना हद्दीच्या अलीकडं पंपामागं त्याची शेड आहे, प्रत्येक खेपेला थांबतो मी. गेल्या शुक्रवारी म्हणाला, कुठं निघालास? म्हटलं यंदा पहिल्यांदा उत्तरेला, रुम्फीला. तर म्हणाला, तिकडं पेट्रोल मिळतं का रे हल्ली? म्हटलं मला काय माहीत. मग खिशातून साबणाचा तुकडा काढला आणि काहीतरी करत बसला झाकणाशी. अहो, ती वायरची चिंधीही त्याचीच असणार! मगाशी डोक्यातच आलं नाही."

शुक्रवारी. मागच्याच आठवड्यातला शुक्रवार.

"नाव काय त्याचं?"

"नाव कोण विचारतो? सगळे 'मलावी' म्हणतात. इथला अंगठा अर्धा आहे त्याचा, असा." सैदीनं आपला उजवा अंगठा दुमडून दाखवला.

तो अंगठा पंख्याच्या पट्ट्यात गेला तेव्हा तिवोंगेनं स्वतःची ओढणी फाडून बांधला होता. त्या आंब्याखालीच.

"म्हातारा म्हणू नकोस," ती म्हणाली. "पन्नाशीचा आहे."

"ओळखता?"

तिनं रस्त्याकडेच्या दगडावर बूड टेकलं. "आणखी काय म्हणाला?"

"काही नाही."

"काहीच नाही? रुम्फी म्हटल्यावर?"

"पेट्रोलचंच विचारलं, माई. मग त्याची बायको जेवण घेऊन आली, दोन चिल्लीपिल्ली तिच्या मागं, बॅटरीला हात लावतात म्हणून तो ओरडला त्यांच्यावर, आणि मी निघा..." सैदीचं वाक्य तिथंच राहिलं. तो बडबड्या होता, मूर्ख नव्हता. टोपी काढून हातात घेऊन तो गाडीतून उतरला.

गाडी चालूच होती, चारही पावलं नीट टाकत. तिवोंगेला राग यायला हवा होता, आणि आला तो भलत्यावरच: त्या न बांधलेल्या कागदावर. लावायचं आठवलं. उघडायचं विसरला. चौदा वर्षांत इथलं अर्धंच उरलं त्याच्याजवळ. इथं असता तर त्या चुकीसाठी तिनं त्याला बाजारभर उभा-आडवा घेतला असता, आणि तो मान खाली घालून हसला असता. तिला नेमकं तेच हवंहवंसं वाटलं; जवळ घेणं नाही, गोड बोलणं नाही. त्याच्यावर तोंडावर ओरडायला मिळणं.

"चल," ती उठली. "पेट्रोल जळतंय."

येताना गाडी कुठंही अडखळली नाही.

आंब्याखाली बाकावर मतियासी बसला होता, गुडघ्यावर टोपी, शेजारी काठी. बैलाचं बोलायला आला होता. तिवोंगे हात पुसत समोर उभी राहिली.

"भावजी, बैल परत पाठवा."

"आता काय झालं? न्यागोंडवे, आईनं चार बायकांना सांगितलंय, गवत कापलंय..."

"जिवंत आहे तो. गेल्या शुक्रवारी होता. मुसिनाला."

मतियासीनं तिच्याकडं बघितलं, मग पिकअपकडं, मग सैदीकडं. सैदी जमिनीकडं बघत होता.

"कुणी बघितला?"

"यानं. मी त्याचं काम बघितलं. काम खोटं बोलत नाही."

म्हातारपणाकडं झुकलेला तो माणूस बाकावरून अर्धा उठला. मग एकदम त्यानं काठी आपटली. "मग हरामखोर येत का नाही? आई दारात सुकली, तू इथं काळी झालीस! काय कमी आहे त्याला तिकडं?"

हेच शब्द तिनं चौदा वर्षं भिंतीला ऐकवले होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेनात.

"ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. ठाऊक होतं. सैदीनं एकदा वर बघितलं आणि परत खाली. "आईंना सांगा, त्याचा हात अजून चालतो. एवढंच सांगा. आणि रविवारी नेहमीसारखं चर्चला जाऊ."

"आणि तू? तू काय करणार?"

"माझ्याकडं दोन गाड्या यायच्यात उद्या."

मतियासीनं टोपी डोक्यावर घातली आणि तो काठी उचलून घराकडं गेला. आला होता त्यापेक्षा भरभर. न्याचिर्वानं कागदात दोन मांडाझ्या बांधून तिवोंगेच्या पेटीवर ठेवल्या.

सैदी गाडीत बसला. किल्लीला हात घातला, परत काढला.

"माई, सोमवारी माल उतरवून खाली जातोय. मुसिनाला थांबेन. काही निरोप?"

तिवोंगे खिडकीशी आली. "सांग, आई जिवंत आहे. दारात बसते. सांग, या रविवारी तुझा शोक करणार होते, थांबवलाय. सांग, साबण लावलास आणि कागद बांधला नाहीस. गाडी हजार मैल रडत आली."

"हे सांगतो. आणि तुमचं?"

तिनं खिडकीच्या कडेवर हात ठेवला होता. सांगण्यासारखं इतकं होतं की ते बाहेर काढायला आणखी चौदा वर्षं लागली असती. त्याची बायको. ती दोन पोरं, बॅटरीशी खेळणारी. लेकीचं लग्न. आणि त्यानं काहीच विचारलं नव्हतं, एका गोष्टीशिवाय: इकडं यायचं तर पेट्रोल मिळतं का.

"त्यानं विचारलंय ना? मग उत्तर दे," ती म्हणाली. "सांग, पेट्रोल मिळतं हल्ली इथं."

सैदी गोंधळला. "पण माई, मी सकाळी पंपावरून आलो. चाळीस गाड्या उभ्या आहेत. टाकी कोरडी आहे म्हणाले, शनिवारपर्यंत..."

"तू सांग," तिवोंगे म्हणाली, आणि तळहातानं बोनेटवर दोनदा थाप मारली.